जाणारे-येणारे

चंदीगडच्या मराठी मंडळाची बैठक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाविसाव्या सेक्टरातल्या एका शाळेत भरे, आणि तिच्यात बाकी काहीही राहून गेलं तरी शेवटचा विषय कधी राहत नसे. जाणारे-येणारे. मंडळाचे चिटणीस वामनराव करंदीकर वही उघडत, चष्मा पुसत आणि या महिन्यात 'तिकडे' कोण जाणार त्यांची नावं वाचत. तिकडे म्हणजे पुणं, सातारा, नागपूर, काहीही. नावं वाचून झाली की ते दर वेळी तेच एक वाक्य म्हणत, "काही न्यायचं-आणायचं असेल तर आत्ताच सांगा." मग जाणाऱ्याच्या हातात पुडे पडत. जाताना लोकरीचे कपडे आणि अमृतसरी वड्या न्यायच्या, येताना गोडा मसाला, आमसुलं, पंचांग आणायचं. आणि परत आल्यावर बैठकीत उभं राहून कोणाचा पुडा कोणाच्या हातात दिला ते सांगायचं, तिकडची थोडी खबरबात सांगायची आणि खाली बसायचं. सारी बदलीवर आलेली माणसं, गाव दोन दिवसांच्या रेल्वेवर. त्यांचं हे टपाल सरकारी टपालापेक्षा भरवशाचं होतं. पुडा पोचला नाही असं मंडळात कधी झालं नव्हतं.

१९७३च्या नोव्हेंबरात येणाऱ्यांमध्ये एकच नाव होतं, रघुनाथ आठल्ये. रघुनाथराव उभे राहिले. कोट सैल झाला होता, तो त्यांनी पुढून ओढून धरला. चाळीस माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि त्यांना पुण्याची खबर सांगायची होती.

रघुनाथराव पुण्याला गेलेच नव्हते. गेले पाच आठवडे ते चंदीगडातच होते, विद्यापीठाच्या बाजूच्या मोठ्या इस्पितळात, मनोरुग्णांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या चौथ्या खाटेवर.

ते केंद्र सरकारच्या नकाशा खात्यात हेड ड्राफ्ट्समन होते. अक्षर असं की नकाशावरची नावं साहेब त्यांच्याकडूनच लिहून घेत. त्या उन्हाळ्यात आधी त्यांची झोप गेली, मग भूक. सप्टेंबरात ते तीन दिवस कोऱ्या कागदापुढे पेन हातात धरून बसले आणि एक रेघही ओढली गेली नाही. चौथ्या दिवशी शिपायानं चहा ठेवला आणि सहज विचारलं, "साहब, चीनी कम तो नहीं?" त्यावर रघुनाथराव रडायला लागले. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, टायबिय घातलेला, सगळ्या सेक्शनसमोर साखरेवरून रडतो म्हणजे काय. पण रडू थांबेना. डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितलं.

सुमनताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ऑफिसात कावीळ कळवली. मंडळाला काय सांगायचं ते मात्र ठरायचं राहून गेलं आणि तिथंच घोळ झाला. निघायच्या दिवशी व्हरांड्यात बॅग भरून ठेवलेली असताना फाटकातून पद्मिनीबाई आल्या.

पद्मिनीबाई देवधर या प्राध्यापकांच्या पत्नी, तीन घरं सोडून राहायच्या. मंडळातल्या प्रत्येक पोराच्या अंगात त्यांच्या हातचा स्वेटर होता. दोन वर्षांत तीसेक झाले असतील. एवढं विणायला यांना वेळ कुठून मिळतो, असं सगळे कौतुकानं म्हणत आणि तेवढ्यावर सोडून देत.

"कुठे निघालात हो रघुनाथराव?" त्यांनी विचारलं.

"पुण्याला," सुमनताई बोलून गेल्या. "यांच्या काकांना बरं नाहीये."

पद्मिनीबाईंचा चेहरा असा उजळला की काकांची विचारपूस करायचंही त्यांना भान राहिलं नाही. अर्ध्या तासात त्या पुडा घेऊन परत आल्या. त्यांची एकुलती एक मुलगी नयना पुण्यात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण दोन दिवसांचा प्रवास डॉक्टरांनी नको म्हटलं आणि ते सासरीच झालं. मुलगा झाला होता. आजीच्या हातचं म्हणून त्याला जे काही मिळणार ते या पुड्यात होतं. पिवळी जर्सी, टोपरं आणि मोजे. वरून मांजरपाटाचं कापड, बारीक टाक्यांनी शिवलेलं, आणि त्यावर ठळक अक्षरांत नयनाच्या सासरचा पत्ता.

"हातातच द्या हं," त्या म्हणाल्या, आणि निरोप द्यायला फाटकाशी उभ्या राहिल्या. त्या हलेनात, तेव्हा दिल्लीची बस धरायची असल्यासारखी रिक्षा बस अड्ड्याच्या दिशेनं न्यावी लागली. सतराव्या सेक्टरापर्यंत जाऊन मग ती इस्पितळाकडे वळवली. रघुनाथराव पुडा मांडीवर घेऊन बसले होते, पत्त्याची बाजू आत करून.

वॉर्डात पुडा त्यांच्या उशाशी राहिला. तिथल्या सिस्टर कुलवंत कौर दांडग्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या बाई होत्या. पहिला आठवडाभर रघुनाथराव जेवणाचं ताट परत पाठवत होते, तेव्हा खाटेच्या कडेला बसून त्यांनी दरडावून, पण भाऊ म्हणून हाक मारत विचारलं, "वीर जी, घर में क्या खाते हो, वो बताओ." बऱ्याच वेळानं रघुनाथराव म्हणाले, "मेतकूट-भात." मेतकूट म्हणजे काय ते हिंदीत सांगता सांगता त्यांना दोन महिन्यांत पहिल्यांदा तोंडाला पाणी सुटलं. "मुझे भी खिलाना," सिस्टर म्हणाल्या. रघुनाथरावांनी पक्कं कबूल केलं. सहा वेळा विजेचे झटके, सकाळ-संध्याकाळ गोळ्या, आणि पाचव्या आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवर पेन्सिलीनं एक सरळ रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. त्यानंतर इस्पितळावरून जायची वेळ आली की ते लांबचा रस्ता धरत.

तर बैठकीत रघुनाथराव उभे होते. पुण्यात गर्दी फार वाढली आहे, असं काहीतरी ते बोलले. गर्दी वाढली म्हटलं की कुठल्याही वर्षी चालून जातं. काकांची तब्येत आता बरी आहे म्हणाले. तिसऱ्या रांगेत डॉक्टर जयंत भावे बसला होता. त्याच इस्पितळात शिकणारा मुलगा, सकाळच्या फेरीत त्यानं चौथ्या खाटेवरचा रुग्ण पाहिला होता आणि रुग्णानं त्याला पाहून चादर डोक्यावर ओढली होती. जयंत आता हातातल्या पोह्यांत बघत बसला. रघुनाथरावांना वाटलं, या पोरानं खाली बघण्यापेक्षा उठून थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"आणि माझा पुडा?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

खरं म्हणजे इथं अजून सुटका होती. पत्ता सापडला नाही म्हणता आलं असतं, घर बंद होतं म्हणता आलं असतं. पण पद्मिनीबाई खुर्चीच्या अगदी टोकाशी येऊन बसल्या होत्या.

"दिला," रघुनाथराव म्हणाले. आणि नुसतं दिला म्हणणं पोकळ वाटलं म्हणून पुढे म्हणाले, "नयनाच्या सासूबाईंच्याच हातात दिला."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलायला गेला की नको तेवढं नेटकं बोलतो. ते हेच.

घरी आल्यावर नवरा-बायको पुड्याकडे बघत बसली. पार्सलनं पाठवावा तर वर चंदीगडचा शिक्का पडणार. पुण्यातल्या भावाकडे पाठवून त्याच्याकडून पोचवावा तर भावाला सगळं सांगावं लागणार. शेवटी सुमनताईंनी तो बैठकीच्या खोलीतल्या ट्रंकेत ठेवला आणि वर गादी टाकून अभ्रा नीट केला. त्यांची दहा वर्षांची लेक लीना दारात उभी राहून बघत होती. पाच आठवडे ती शेजारीपाजारी "पापा पूना गए हैं" असं न अडखळता सांगत आली होती. तिला ते किती सहज जमतं, हे ऐकून रघुनाथरावांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पोरीला त्यांनी दुसरं काही शिकवलं नव्हतं या वर्षात.

पंधरा दिवसांनी पद्मिनीबाई आल्या त्या हातात आंतर्देशीय पत्र घेऊनच. येऊन ट्रंकेवर बसल्या. तीच त्यांची नेहमीची जागा.

"नयना लिहिते, पुडा आला नाही. कोणी आलंच नाही म्हणते," त्या म्हणाल्या. "म्हणजे सासूनं परस्पर ठेवून घेतला. मोठ्या मुलीच्या पोराला दिला असेल. तिलाही आत्ताच झालाय."

रघुनाथरावांनी कप उचलला होता. त्यांनी तो खाली ठेवला.

"गैरसमज असेल काहीतरी," सुमनताई म्हणाल्या.

"कसला गैरसमज? यांनी हातात दिलाय ना? मी विहीणबाईंना स्पष्ट लिहिलंय. म्हटलं, आमच्या चांगल्या माणसानं तुमच्या हातात दिलेली वस्तू आहे, ती लेकराला मिळू दे."

आमच्या चांगल्या माणसानं मान खाली घातली. पुडा पद्मिनीबाईंच्या बुडाखाली, जेमतेम वीतभर अंतरावर होता. उठा, असं एकदा म्हटलं असतं की झालं असतं. पद्मिनीबाई तासभर बसल्या, चिवडा खाल्ला आणि गेल्या.

डिसेंबर लागायच्या आत पुण्याचं उत्तर आलं. विहीणबाईंनी लिहिलं होतं, ज्या घरात आम्हाला चोर समजतात त्या घरात आमची सून आणि नातू पाऊल टाकणार नाहीत. नयनाला थंडी सरल्यावर माहेरी पाठवायचं ठरलं होतं, ते मोडलं. पद्मिनीबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. ट्रंकेवर बसून नुसत्या बोटं हलवत राहिल्या, हातात सुया नसताना.

त्या रात्री रघुनाथरावांना पुन्हा झोप लागली नाही आणि ते घाबरले. जुनंच दुखणं परत आलं असं त्यांना वाटलं. पण पहाटेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की हे दुखणं निराळं होतं. याला गोळी नव्हती.

डिसेंबरच्या बैठकीला ते पुडा घेऊन गेले, शालीखाली लपवून. वामनरावांनी येणाऱ्यांची नावं वाचली. त्यांत रघुनाथरावांचं नाव असायचं कारण नव्हतं, तरी ते उठले.

"वामनराव, गेल्या महिन्याची माझी नोंद चुकलीय. ती खोडा."

"कोणती नोंद?"

"मी पुण्याला गेलो नव्हतो." त्यांनी शालीखालून पुडा काढला आणि धरायचा कसा ते न कळून दोन्ही हातांत धरला. "मी इथंच होतो. मोठ्या इस्पितळात. मनोरुग्णांच्या वॉर्डात होतो पाच आठवडे. हा पुडा तेव्हापासून माझ्याकडेच आहे. नयनाच्या सासूबाईंचा काही दोष नाही. मी त्यांना जन्मात पाहिलेलं नाही."

एवढ्यावर खाली बसता आलं असतं, पण रघुनाथरावांना बसता येईना. अर्धवट सांगितलं तर लोक उरलेलं आपल्या मनानं भरतील, हे त्यांना ठाऊक होतं.

"मला काही आवाज वगैरे येत नव्हते," ते म्हणाले. "कोणाच्या अंगावर गेलो नाही. नुसतं काही करता येत नव्हतं. सकाळी कोणता शर्ट घालायचा ते ठरवता येईना. ऑफिसात रडलो, सगळ्यांसमोर. मरून गेलेलं बरं असं रोज वाटायचं, हे मी हिलाही सांगितलं नव्हतं. विजेचे झटके दिले, सहा. त्याची मला फार भीती होती. त्यानंतर हळूहळू भूक लागायला लागली. आता गोळ्या चालू आहेत. रेघ ओढता येते." त्यांनी सुमनताईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. "मला लाज वाटली म्हणून खोटं बोललो. अजूनही वाटतेय. पण माझ्या लाजेपायी यांची मुलगी तिकडे बोलणी खातेय."

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी आपल्या मुलाला हळूच जवळ ओढून घेतलं. रघुनाथरावांनी ते पाहिलं आणि त्या बाईंनाही कळलं की त्यांनी पाहिलं.

पद्मिनीबाई उठल्या, पुढे आल्या, त्यांनी पुडा घेतला. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी त्यांना चोर म्हटलं, रघुनाथराव," त्या म्हणाल्या. "मुलीच्या सासूला." आणि चहा न घेता निघून गेल्या.

वामनराव पेन उघडं धरून बसले होते. येणारे या सदरात काय लिहावं हे त्यांना सुचेना. "पुढचा विषय," ते म्हणाले, पण पुढचा विषयच नव्हता. माणसं चहाकडे वळली आणि रघुनाथरावांच्या भोवती चार-पाच खुर्च्यांएवढी जागा आपोआप मोकळी झाली. त्या जागेत जयंत दोन कप घेऊन आला. "काका, चहा," एवढंच म्हणाला आणि शेजारी बसून राहिला. तो चहा रघुनाथरावांना पुढे कित्येक वर्षं आठवत होता, फारसा चांगला नसूनही.

घरी जाताना सुमनताईंनी आधी शाल अंगाभोवती लपेटून घेतली. मग म्हणाल्या, "अहो, त्यांना एकटीला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर चाललं नसतं का? सगळ्यांसमोर कशाला?"

"एकटीला सांगितलं असतं तर माझं झाकायचं काम त्यांच्याकडे गेलं असतं," रघुनाथराव म्हणाले. "तुझ्याकडे होतं, लीनाकडे होतं. जयंतकडेही. किती जणांना लावायचं त्या कामाला?"

त्याच संध्याकाळी त्यांनी नयनाच्या सासूबाईंना पत्र लिहिलं. न पाहिलेल्या बाईंना, आपण वेड्यांच्या वॉर्डात होतो आणि खोटं बोललो, असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. पाच कागद फाडले. सहावा टपालपेटीत टाकला. वर शिक्का चंदीगडचाच पडणार होता, पण आता पडू दे.

तो महिना वाईट गेला. कोणी तोंडावर काही बोललं नाही. पण एका वाढदिवसाचं बोलावणं आलं नाही, आणि बाजारात वामनराव त्यांच्याशी जरा सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले, बहिऱ्याशी बोलतात तसं. ऑफिसातही कावीळ नव्हे, निराळंच काही झाल्याचं पसरलं. रघुनाथराव घरी येऊन कानकोंडे होऊन बसायचे. सांगून मन मोकळं होतं म्हणतात. त्यांचं काही झालं नव्हतं. फक्त ट्रंक रिकामी झाली होती. तिच्यावर बसायला मात्र कोणी येत नव्हतं. पद्मिनीबाई रस्त्यात दिसल्या तरी पलीकडच्या बाजूनं जात.

जानेवारीच्या बैठकीला संक्रांतीचा तिळगूळ आठवडाभर आधीच होता. रघुनाथरावांना जायचं नव्हतं. सुमनताईंनी कोट आणून पुढे ठेवला आणि दारात उभ्या राहिल्या, तेव्हा गेले. शेवटच्या रांगेत बसले.

वामनरावांनी वही उघडली, चष्मा पुसला. "जाणारे," ते म्हणाले. "या महिन्यात कोणी नाही."

"मी आहे," पद्मिनीबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

"अरे वा. पुण्याला का? विहीणबाईंचं मिटलं वाटतं?"

"ते मिटलं. रघुनाथरावांचं पत्र पोचलं तिकडे. मार्चात येतेय नयना." त्यांनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. "पण मी पुण्याला नाही चालले. मंगळवारी सकाळी इस्पितळात जाणार आहे. रघुनाथराव होते तिथे."

वामनरावांचं पेन वहीवर टेकलेलं तसंच राहिलं.

"दोन वर्षं झाली, मला झोप नाही," पद्मिनीबाई म्हणाल्या. "नयनाचं लग्न झालं तेव्हापासून. तुम्ही सगळे विचारता ना, एवढं विणते कधी? तेव्हा विणते. सुया थांबल्या की छातीत धडधडतं, जीव जातोय असं होतं. घरी सांगितलं नाही. काय सांगायचं? मुली सगळ्यांच्याच सासरी जातात. गेल्या महिन्यात रघुनाथराव इथं उभे राहून बोलले आणि मला यांचा इतका राग आला. घरी गेल्यावर कळलं की सगळा राग काही पुड्याचा नव्हता. मी गप्प बसले होते आणि हे बोलले, त्याचाही होता."

त्या शेवटपर्यंत मान ताठ ठेवून बोलल्या. लाज सोपी नसते हे शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाइतकं त्या वर्गात कोणाला कळत नव्हतं. रघुनाथरावांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी कोणापासून लपवले नाहीत.

वामनरावांना काहीतरी बोलणं भाग होतं. बिचाऱ्यांच्या तोंडून सवयीचं वाक्य बाहेर पडलं. "काही न्यायचं-आणायचं असेल तर आत्ताच सांगा."

आणि ते काय बोलले हे त्यांचं त्यांनाच कळून त्यांचे कान लाल झाले. कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझा एक पुडा आहे," रघुनाथराव म्हणाले. "मेतकुटाचा. तिथं सिस्टर कुलवंत कौर आहेत, त्यांना कबूल केलं होतं. मला अजून तिकडे जायचा धीर झालेला नाही."

पद्मिनीबाई वळून त्यांच्याकडे बघत राहिल्या. महिनाभरात पहिल्यांदाच.

"द्या," त्या म्हणाल्या. "मी पोचवते हो. माझ्याकडे दिलेली वस्तू पोचते."

ते बरोबर जिथं लागायचं तिथं लागलं. रघुनाथरावांनी मान हलवली. "आणि मीही येतो बरोबर," ते म्हणाले. "त्या वॉर्डाचा जिना चटकन सापडत नाही."

दुसऱ्या दिवशी सुमनताईंनी मेतकूट भाजलं, दळलं, डब्यात भरलं आणि डबा मांजरपाटात शिवला. रघुनाथरावांनी नकाशाचं पेन आणि काळी शाई काढली. दिव्याखाली पुडा धरून त्यांनी लिहायला घेतलं. नाव, मग विभाग, मग वॉर्ड, मजला. एकेक अक्षर बोटभर, नकाशावर शहरांची नावं लिहितात तसं.

लीना खांद्यावरून वाकून वाचत होती. "सिस्टर कुलवंत कौर, मनोरोग विभाग," तिनं मोठ्यानं वाचलं आणि एकदम आवाज खाली आणला. "पापा, ये तो आपवाला वॉर्ड है."

"हो."

"इतना बड़ा लिखा है. रास्ते में सब पढ़ लेंगे."

रघुनाथरावांनी शाई वाळू दिली. मग पुडा उचलून टेबलाच्या कडेला ठेवला, पत्त्याची बाजू बाहेर करून.

"वाचू देत," ते म्हणाले.